हरवलेली सॅडी

व्हर्जिल केंटकीच्या डोंगरातून मुलीच्या घरी परतला तो कुडकुडतच.

"सॅडी कुठाय, पप्पा?" डार्लीननं विचारलं.

"सशामागे गेली ती गेलीच."

शहरातल्या घरात ती शिकारी कुत्री रात्रभर हेल काढून रडायची. शेजारी भांडायला यायचे, जावई वैतागला होता. तरी डार्लीनचे डोळे भरले. मग बापाकडे नीट बघून ती एकदम हसली.

"कोट ठेवून आलात होय! मग कसली काळजी? आपली कुत्री हरवली की तुम्ही तिथं कोट ठेवायचात, आणि सकाळी ती त्यावर वाट बघत बसलेली असायची. उद्या मीही येते."

व्हर्जिलला तिच्याकडे बघवेना. गाडीमागे धावणारी सॅडी काही केल्या थांबेना, तेव्हा त्यानं रस्त्याकडेला कोट अंथरला होता. ती लगेच त्यावर बसली होती, अगदी निश्चिंत.