शेवटपर्यंत ऐकणारं गाव

"पडदे लावून घेऊ का सर?" जनकाबाईंनी विचारलं.

"नको नको, उघडेच राहू द्या," प्राध्यापक वायाळ घाईघाईने म्हणाले. पडदे, पंखा आणि जेवणानंतरचा तास यांनी मिळून आपल्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या आडव्या केल्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

जनकाबाईंचा चेहरा जरासा उतरला. पण पाहुण्यांशी वाद कसा घालायचा, म्हणून त्यांनी हातातला पडदा सोडला.

दुसरबीडच्या विहाराशेजारच्या सभागृहात दुपारचं ऊन तिरपं उतरलं होतं आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. माणसं येत होती. कुणी गोधडी आणली होती, कुणी काखेत उशी. फरशी गार लागत असेल, असं सरांनी मनाशी म्हटलं. विद्यापीठात लोक उठायच्या तयारीने येतात. हे गाव बसायच्या तयारीने आलं होतं.

शालिग्राम वायाळ यांचं निम्मं आयुष्य लोणार सरोवराच्या गाळात गेलं होतं. तळाच्या चिखलात जुन्या काळचे परागकण सापडतात. त्यांवरून तेव्हा काठाला काय फुलत होतं ते कळतं. विषय इतका गोड, पण सरांनी तोंड उघडलं की वर्गात माना पडायला लागत. आता निवृत्ती दारात येऊन उभी होती. आपलं बोलणं एकदा तरी कुणी जागेपणी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच इच्छा उरली होती.

'संशोधन लोकांपर्यंत न्या' असं परिपत्रक आलं, तेव्हा त्यांनी आपलं एक भाषण यूट्यूबवर टाकलं. बरेच दिवस ते तिथे बेवारस पडून होतं. मग अचानक कुणीतरी ऐकायला लागलं. खाली एक प्रतिक्रियाही आली: 'रोज लावतो सर. लय फायदा झाला. दुसरबीड.' कॉलेजातल्या संगणकाच्या मॅडमनी पाहून सांगितलं, "सर, कमाल आहे. मधे कुणी बंदच करत नाही. शेवटपर्यंत चालतं."

त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे दिले.

पाठोपाठ जनकाबाईंचा फोन आला. "सर, आमच्या गावाले या. सगळ्याइले तुमचं बोलणं समोरून ऐकाचं हाये. पण तेच नका सांगू, ते आता जुनं झालं. नवं पाह्यजे."

नवं! सरांनी जुने कागद रद्दीत घातले आणि सगळं गोष्टीसारखं लिहून काढलं. बायकोसमोर तालीम केली. वाटाणे सोलता सोलता तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि वाटाणे संपल्यावरही ती उठली नाही.

"लोकांना चहा झाला का?" सभागृह भरत आलं तसं सरांनी जनकाबाईंना विचारलं.

"भाषणाआधी मी कोणालेच नाही दिला. मागून घेतील."

सर हेलावले. त्यांनी आजवर जे परिसंवाद पाहिले होते, त्यांत भाषणाशिवाय चहा चालत असे, चहाशिवाय भाषण नाही.

अगदी पुढे, बाजूच्या भिंतीला टेकून, गादीवर एक उंच, वाळलेले गृहस्थ बसले होते. "हे आमचे हे. भाऊराव," जनकाबाई म्हणाल्या. "एस्टीत डायवर होते. उभी नोकरी रातराणीवर काढली. स्टेअरिंगवर कधी डोळा लागू दिला नाही."

असा श्रोता सरांना मागूनही मिळाला नसता.

"काय बे भाऊ, आज पहिला नंबर लावला!" मागून त्यांच्याच गल्लीतले नारायणराव ओरडले.

"तू नाही आला काय उशी घेऊन?"

"मंग! एवढ्या दुरून सर आले."

सरांनी सुरुवात केली.

लोणारच्या तळाशी गाळ निजला आहे, ते म्हणाले, एकावर एक अंथरलेल्या गोधड्यांसारखा. वरची गोधडी आपल्या आजोबांच्या काळातली, तिच्यात ज्वारीचा फुलोरा. तिच्याखाली कोरड्या वर्षांची, विटलेली, पातळ. आणखी खाली जंगल, इतकं दाट की पाण्याला दुपार कळत नसे. आणि त्याही खाली एका फुलाचा कण. त्याला नाव नाही. ते एका थरात फुललं, वाऱ्यावर आलं, पाण्यावर टेकलं आणि सावकाश बुडत गेलं. वरच्या कुठल्याच गोधडीत ते पुन्हा दिसलं नाही.

सभागृहात पाण्याखाली असावी तशी शांतता पसरली. सरांनी धीर करून समोर पाहिलं. एकही मान पडली नव्हती. उशा मांडीवर तशाच होत्या. आडवे व्हायला निघालेले नारायणराव कोपरावर अर्धवट थबकले होते. भाऊराव तर भिंत सोडून ताठ बसले होते, डोळे लालबुंद, टक्क उघडे. असं सरांकडे आजवर कुणीही पाहिलं नव्हतं.

भाषण संपलं. टाळ्या थांबेनात.

"मंग सर, ते फूल गेलं कुठं?" भाऊरावांनी विचारलं.

"अन् बी पडलं नाही काय त्याचं?" नारायणराव. मग प्रश्नावर प्रश्न. चहा आला, निवला, तरी कुणी उठेना.

जनकाबाई मात्र कोपऱ्यात गोधडीची घडी घालत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. सरांनीही रुमाल काढला. ते जवळ गेले.

"बाई, आज माझ्या जन्माचं सार्थक झालं."

"तुमचं झालं सर. पण याइची रात पुन्हा जागूनच जाईन ना," जनकाबाई म्हणाल्या. "ते मोबाईलमधलं लावलं की अख्खी गल्ली घोराले लागे. आता त्याचा गुण कमी झाला, म्हणून तं तुमाले बोलावलं." त्या उठल्या आणि खिडकीकडे गेल्या. "मी पडदे लावतो. तुम्ही जरा पह्यल्यासारखं बोलून पाहा बरं."