साखरेची कवटी

एउलालिया दरवर्षी मृतांच्या सणाआधी वर्तमानपत्रासाठी ‘ऑक्टोबरमध्ये निवर्तलेले मान्यवर’ हे पान लिहायची. यंदा चौथं नाव शिक्षकांच्या पुढाऱ्याचं होतं आणि त्याच्यापुढे तिने खरं तेच लिहिलं होतं: ‘पोलिसांची गोळी’. दुपारी पोलीसप्रमुखाचा ड्रायव्हर कचेरीत खोका घेऊन आला. “घ्या बाई, साहेबांकडून सणाची भेट!” आत साखरेची कवटी बघून ती मागे सरकली. शेजारचा म्हातारा मुद्रितशोधक हसला, “अगं, सणाला जिवंत माणसांचीच नावं घालून देतात कवट्या. माझी तर बायकोने कालच खाल्ली!” तीही कसनुसं हसली. कपाळावर गुलाबी अक्षरांत नाव होतं, पण तिचं नव्हतं. ‘इत्सेल’. दूर मावशीकडे वाढणाऱ्या आपल्या या लेकीबद्दल तिने या गावात अवाक्षरही काढलं नव्हतं. “पान छापायला गेलं का?” ड्रायव्हरने विचारलं. “अजून नाही,” म्हणत तिने ‘पोलिसांची गोळी’ खोडून लिहिलं, ‘हृदयविकार’.