फाटक्या कानाचा उंदीर

पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा टाकताना दिगंबररावांचा हात थबकला. उंदराचा फाटका कान एका रात्रीत धड झाला होता.

“शालन, हा माझा उंदीर नव्हे.”

“भलतंच काहीतरी! तुमच्याच पेशी घालून दवाखान्यानं दिलेला तो. दुसरा कुठून येणार?” बायको त्यांच्याकडे न बघताच म्हणाली.

त्यांना ते पटेना. उंदराचं आज जे होई, तेच वर्षभरात ज्याच्या पेशी त्यात घातल्या त्या मधुमेही माणसाचं होई. म्हणून तर घरोघरी हे पिंजरे होते. काल मलूल पडलेला उंदीर आज टुणटुण उड्या मारत होता.

त्यांनी संशयानं वळून पाहिलं. इतकी वर्षं घरात साखरेचा दाणा न येऊ देणारी शालन त्यांच्या ताटलीत गरम जिलब्या वाढत होती.

“खा हो पोटभर,” ती म्हणाली. “आणखी आणल्यात.”