शेवग्याची कुबडी

"कुणाला खरं नाय वाटायचं, पण ऐका," म्हणत रामातात्याने बायका बोंबील वाळत घालत होत्या तिथेच बैठक मारली. होडी लोटताना ब्याऐंशी साली त्याचा पाय मोडला होता, त्याची ही कथा.

त्यांच्यातल्या जमनाने कान टवकारले. तिचं उजवं मनगट मोडून महिना झाला होता, हाड वाकडंच धरू लागलं होतं. "हाडांचे डॉक्टर सोमवारी येतील," असं ऐकून ती चार सोमवार सरकारी दवाखान्यातून परतली होती. उद्या पाचवा.

"दवाखान्याच्या बाकावर इतका बसलो, इतका बसलो, की शेजारच्या म्हाताऱ्याच्या कुबडीला पालवी फुटली! शिपाई तिला रोज पाणी घाली. आमाला मेल्याने घोटभर दिलं नाय."

"नायच देणार," बायका म्हणाल्या. "मंग?"

"शेवग्याची कुबडी ती, शेंगा धरल्या. त्या शिपायाने घरी नेल्या."

"नेणारच मेला!"

"मंग एका सोमवारी डॉक्टर आला, माझा पाय हातात घेतला नि..."

जमनाने हातातला बोंबील खाली आपटला.

 

"तात्या, शेंगांपर्यंत सगळं पटलं. पण डॉक्टर आला? ही मात्र थाप हाय!"