फोनचे तांदूळ

बाजारातल्या मुख्तारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आला की खैरुनबीचा फोन शहाण्या पोरासारखा वागायचा. वाजायचा काय, थरथरायचा काय, उजेड पाडायचा काय. मुख्तारनं आपल्या फोनवरून तिसऱ्यांदा लावून बघितला. काउंटरच्या काचेवर तो परत खणखणीत वाजला.

"घ्या खाला. सासरी तोंड फुगवायचं आन् माहेरी आलं की गोड बोलायचं, तशी गत हाय ह्याची."

"दासगावात माझ्या घरी गेला की मुका होतो," खैरुनबी बोलली. "रातचा माझा पोरगा उझैर फोन करतो, वाजत नाय. सकाळी हातात घेतला की टण टण टण, सगळे मिसकॉल एकदम. पोरानं आवाज भरून पाठवलेला असतो, तोपण तवाच येतो. शिळा."

बाजूच्या स्टुलावर पोलादपूरचा काशीराम टेम्पोवाला बसला होता, फोनला काच लावून घ्यायला. तो बोलला, "शिळा तर शिळा. पोराचा आवाज हाय, नासतोय थोडाच."

"ऐक मग." खैरुनबीनं बटण दाबलं.

उझैर मस्कतातून बोलत होता. मागं पंखा घरघरत होता.

"अम्मी, आजपण उचलला नायस. गेल्या खेपेला मी भांडून निघालो, तो राग आजून धरलायस. कळतं मला. कंपनीवाला उद्या सही मागतोय, आजून दोन वर्षांची. मला घरी यायचंय. तू ये बोललीस तर येतो. तुला नको असलो तर सही मारून टाकतो. उद्या जेवणाच्या सुट्टीत एकदा लावीन. शेवटचा."

काशीरामनं स्टूल पुढं ओढलं.

"त्याचा उद्या म्हणजे आज," खैरुनबी बोलली. "मी लावला तर लागत नाय. कामावर फोन जमा करून घेतात, सुट्टीतच देतात. आवाज भरून पाठवायला मला येत नाय. राग कसला धरतेय मी! वाजलाच नाय तर उचलू काय?"

"मग इथंच बसा की," काशीराम बोलला. "इथं तर वाजतोय."

"आजचं झालं. उद्यापासनं काय, रोज ह्याच्या दुकानात अंथरूण घालू?"

मुख्तारनं परत फोन हातात घेतला. सायलेंट केलेला नाय. कुणाला ब्लॉक केलेलं नाय. बॅटरी वाचवायची सेटिंग तर मागच्या खेपेलाच बंद केलेली. सिमकार्ड काढलं, पुसलं, परत घातलं. आता उरलं काय? चार्जिंगचं भोक. म्हटलं, निदान तेवढं तरी साफ करू. त्यानं सुई घातली, उचकटलं, तर आतनं काचेवर पडला तांदळाचा दाणा. अख्खा.

"खाला, फोनला जेवू घालता काय?"

काशीराम खो खो हसला. खैरुनबी नाय हसली.

"तांदळातच असतो तो. स्टीलच्या डब्यात. त्या पुरात सगळं गेलं, मुख्तार. कपाट गेलं, भांडी गेली, कोंबड्या गेल्या. फोन मी घाईघाईत तांदळात खुपसला होता. तो डबा तेवढा तरंगत माळ्याला जाऊन लागला. झाकण घट्ट. आत फोन सुका. तवापासनं सांजची मगरीबची नमाज झाली की फोन डब्यात, वर तांदूळ, वर झाकण. ते तांदूळ मी उन्हात घालते, पाखडते, पण शिजवत नाय. फोनचे हायत ते."

मुख्तारनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो खाला, ज्या डब्यात पाणी शिरत नाय त्यात रेंज कुठनं शिरणार? दासगावात आधीच ती काठी टेकत येते. पोरगा तिकडं बोंबलतोय आन् तुम्ही त्याला झाकणाखाली ठेवलाय."

खैरुनबीनं फोन आपल्याकडं ओढला.

"म्हणजे बाहेर ठेवू? आन् रातचं पाणी चढलं तर?"

मुख्तारची नजर खाली गेली. त्याच्या दुकानातल्या खालच्या दोन फळ्या पुरापासनं आजून रिकाम्याच हायत. सगळ्या बाजारात तसंच. भिंतींना रंग नवा, माल नवा, पण कंबरेच्या खाली कोण काय ठेवत नाय.

"माळ्याच्या वाशाला खिळा मारा," तो बोलला. "कापडी पिशवीत टांगा. उंच तर उंच, आन् वाजला तर ऐकूपण येईल."

"खिळा मी येऊन मारतो," काशीराम बोलला. "माल पोचवायला दासगावावरनंच जायचंय मला. मघाशी हसलो ते काय मनावर घेऊ नका."

तेवढ्यात फोन वाजला. फोनच्या काचेवर उझैरचा फोटो उजळला. मस्कतात जेवणाची सुट्टी झाली होती.

"उचला, उचला!" दोघं एकदम ओरडले.

खैरुनबीनं ओढणीला हात पुसला आन् बटण दाबलं. स्पीकर चालूच राहिला होता.

"अम्मी? अम्मी, तू उचललास?"

तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"अम्मी, कागद समोर हाय. करू सही?"

काउंटरच्या काचेवरचा तो दाणा खैरुनबीनं बोटाच्या टोकाला चिकटवून घेतला.

"डबाभर तांदूळ मोकळे झालेत रे," ती बोलली. "माझ्या एकटीच्यानं संपायचे नायत."