शिंप्याची बायको

सुईणबाईंच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही, त्याला चौपन्न वर्षं झाली. पत्र चार ओळींचं होतं. 'तुम्ही मतदारयादी करायला आलात तेव्हा मी दारात उभं राहून माझं नाव सांगितलं. यादीत नुसतं शिंप्याची बायको लिहिलं गेलं, ती नोंद वगळली गेली आणि मला मत न देता परत यावं लागलं. लोक म्हणतात, मीच लाजले असेन. मी नाव सांगितलं होतं, एवढं लिहून द्या.'

तेव्हा ते बावीस वर्षांचे, यादीच्या कामावरचे तात्पुरते कारकून. बायकांशी बोलायचं म्हटलं की त्यांची मान वर होत नसे. दारात पुरुष दिसला की हायसं वाटे. तो सांगेल ते लिहायचं. सुताराची बायको, लोहाराची आई. स्वतःच्या नावानं नोंद नसलेल्या बायका पुढे यादीतून सरसकट वगळल्या गेल्या. पण सुईणबाई स्वतः दारात आल्या होत्या. बायकांना मत मिळावं म्हणून अकरा वर्षं घरोघर हिंडून सह्या गोळा केलेल्या बाई. त्यांनी नाव खणखणीत सांगितलं. ह्यांनी मान खाली घालूनच ऐकलं, आणि सकाळपासून हाताला लागलेल्या सवयीनं 'शिंप्याची बायको' लिहून मोकळे झाले.

आजच्या वर्तमानपत्रात बायकांच्या पहिल्या मतदानावर पानभर मजकूर होता. त्यात बाईंची मुलगी म्हणत होती, "आई नव्वदीला आली. अजून कोणी ना कोणी टोमणा मारतंच, जगाला बोलायला शिकवलं आणि स्वतः नाव सांगायला लाजली."

ग्रंथपाल सकाळपासून टेबलाशी बसले होते. दुपारी बायकोनं चष्मा लावून त्यांनी बाईंना लिहिलेल्या उत्तराची चार पानं वाचली.

"यात ऊन आहे, तुमच्या पायाचे फोड आहेत, हेडक्लार्कची घाई आहे," ती म्हणाली. "बाई कुठे आहेत?"

"थोडी पार्श्वभूमी द्यायला नको?"

"अहो, त्यांनी पार्श्वभूमी मागितली नव्हती."

"तेव्हा लिहून दिलं असतं तर नोकरी गेली असती गं."

"आणि आता? आता काय जाणार आहे?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"वाचनालयात सगळे मला फार सज्जन समजतात," ते हळूच म्हणाले.

"मीही त्यातलीच," ती म्हणाली. पानं तिनं त्यांच्यासमोर नीट लावून ठेवली आणि आत निघून गेली.

त्यांनी कोरा कागद घेतला. 'तुम्ही नाव सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. लिहिलं नाही. तुमचं पत्रही मिळालं होतं. हे कोणालाही दाखवा.' खाली स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज झाला. मग त्यांनी पेटीवरची पाटी वाचली. टपाल नेऊन तासही झाला नव्हता. पुढची वेळ उद्या सकाळची. ते पाटीकडे बघत तसेच उभे राहिले. बाईंना आणखी एक दिवस थांबायला लागणार होतं.