शरीराचं वय

हृदयासाठी घेतलेल्या उपचाराने एकाहत्तर वर्षांच्या शशिकलाताईंचं सगळं शरीरच तरुण झालं होतं. त्या राहत असलेल्या ज्येष्ठांच्या सोसायटीत दरवर्षी शरीराचं वय मोजत. सेक्रेटरी पेंढारकरांनी त्यांच्या मनगटावरचं यंत्र काढलं.

"वहिनी, चव्वेचाळीस आलंय. साठीच्या आतल्यांना कायद्याने इथे राहता येत नाही. जन्मतारीख आता कोणी धरत नाही."

"आणि आमचे हे?"

"भाऊंचं ऐंशी आहे. ते राहू शकतात."

शशिकलाताई आत जाऊन बॅग भरू लागल्या. बारा वर्षं इथल्या मित्रांत रमलेले त्यांचे यजमान काठी टेकत दारात आले.

"माझेही सदरे घाल त्यात," भाऊ म्हणाले. "फक्त घर तळमजल्यावरचं बघ. मला आता जिने चढवत नाहीत."